शत्रूच्या टीमशी सोयरीक
अमेरिकेत एक आटपाट नेपरव्हिल होतं, तिथे माझा मुलगा सुधीर आणि नात केतकी राहत. केतकीने मुलगा पसंत केला, तर तो शेजारच्या राज्यातला, सगळं घर तिथल्या फुटबॉल टीमसाठी वेडं. आपल्या राज्याच्या टीमचा भक्त सुधीर म्हणाला, "शत्रूच्या घरी मुलगी देणार नाही!"

तेवढ्यात टीव्हीवर बातमी आली. दरवर्षी सगळ्या टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात; आपल्या टीमने स्वतःची पाळी त्याच शत्रूला देऊन टाकली होती.

सुधीर ओरडला, "अगं आई, आता तो खेळाडू घेऊन ते वर्षातून दोनदा मॅचला समोर येऊन आपल्यालाच तुडवणार!"

मी म्हटलं, "दोनदाच? अरे, वर्षातून दोनदाच येणारे व्याही मिळतायत, लगेच हो म्हण!"

लग्न झालं. पुढे देव पावला, केतकीला जुळे मुलगे झाले, दोन्ही टीमना एकेक. नाहीतर नातू निवडायची पहिली पाळी कुणाची, यावरून दोघे व्याही भांडलेच असते.