पुण्याला निघालेली केरसुणी

येरमाळ्याच्या थांब्यावर पुण्याच्या एसटीची वाट बघत बसलेल्या ललिताच्या शेजारी शिवम्मा आणि साजिद बोलत होते. शिवम्माच्या मांडीवर नवी केरसुणी होती.

"आमचा पोरगा उमाशंकर दर खेपंला एक घेऊन जायचा. मी म्हणायची, कंपनीत मशीन बनवतोस का अंगण झाडतोस?"

"हायड्रोजन गॅस गळून पेटला, तरी त्याची ज्योत उजेडात दिसत न्हाय, मावशी. मशीनजवळ जाताना केरसुणी पुढं धरायची. काड्या पेटल्या की मागं फिरायचं."

"एवढा पेटतो, तर दाबून कशाला भरायचा?"

"दाबल्याबिगर मोठ्या ट्रकाच्या टाकीत पुरेसा मावत न्हाय. आमचं मशीन त्यासाठीच हाय."

"त्या दिवशी धरली नव्हती का त्यानं?"

"धरली होती. काड्या पेटल्या तसा माझ्यावर ओरडला, मागं हो म्हणून. तेवढ्यात पाइपाचा जोड उडाला, आन् तो त्यात गेला."

"आन् तू पुन्हा तिथंच निघालास?"

"मशीन अर्धंच झालंय. त्यानं काय केलं होतं, ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक न्हाय."

"तू त्याच्या मागंच हुबा होतास, हे तुझ्या अम्मीला ठाऊक हाय?"

"न्हाय. तिला वाटतं, मी दिवसभर हापिसात कॉम्प्युटरवर असतो. बोलू नका, आली ती."

ताहेराबी भाकरीचा डबा घेऊन घाईघाईनं आली.

"शिवम्मा, ही केरसुणी कशाला गं आणलीस?"

शिवम्मानं ती साजिदच्या पिशवीत खोल खोचली.

"खोली झाडायला. पोरं लई धूळ करतात बघ."