चेनवाल्या मावशी हरवल्या नव्हत्या याबाबत

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, माझे नाव व पत्ता मुलाने दिलेल्या तक्रारीत आहे तोच असून बरोबर आहे. वय ५९ वर्षे, धंदा बॅगा दुरुस्तीचा. घराच्या मागच्या गल्लीत माझे दुकान आहे. गल्लीत मला चेनवाल्या मावशी म्हणतात. मी मुलगा व सून यांच्यासह राहते. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते. मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि हरवलेली नाही.

माझे यजमान तीन वर्षांपूर्वी रस्त्यात चक्कर येऊन पडले. मुलगा पोचेपर्यंत सगळे आटोपले होते. त्यानंतर मुलाने मला मोठा मोबाइल आणून दिला व मी कुठे आहे ते दोन्ही मुलांना आपापल्या मोबाइलवर दिसेल अशी सोय केली. नकाशावर माझा एक निळा ठिपका असतो. मुलाचा हेतू चांगला होता, म्हणून मी काही बोलले नाही. पण तेव्हापासून आई कुठे गेली होती, हे मला घरात कोणी विचारलेले नाही. सगळ्यांना ते आधीच दिसलेले असते.

गेल्या महिन्यात दुकान बंद करून बागेत बसले असता मुलीचा फोन आला. "आई, तासभर झाला, तू बागेतच? बरी आहेस ना?" मी बरी आहे म्हणाले. खरे तर फारच बरी होते. बाकावर माझ्याबरोबर कोण होते असे जबाब लिहिणाऱ्या साहेबांनी आता विचारले. त्याचा या तपासाशी संबंध नाही, म्हणून सांगत नाही. ती गोष्ट मी घरच्यांना माझ्या तोंडाने, माझ्या वेळी सांगणार होते. त्या फोननंतर आमचे बोलणे पुन्हा रंगले नाही आणि मला त्या ठिपक्याचा मनस्वी राग आला.

आज सकाळी नाश्त्याच्या वेळी मी सांगितले की मी साधा फोन घेणार आहे, नंबरही नवा असेल. मुलगा मोबाइलमध्ये डोके घालून "हो हो" म्हणाला. सून "छान, आई" म्हणाली, पण तिच्या दोन्ही कानांत गाणी चालू होती. मी पुन्हा एकदा सांगितले. पुन्हा "हो हो". यापुढे दवंडी पिटणे मला जमणार नव्हते.

मोबाइलवाला म्हणाला, "मावशी, याच्यात नेट नाही, नकाशा नाही, कॅमेरा नाही. हा तुमची माहिती मागत नाही आणि कोणाला कळवतही नाही. नुसतं बोलता येतं." मी म्हटले, "अरे, मग फोन आणखी कशाला असतो?" बटणांचा काळा फोन घेऊन मी दुकानात आले. फोन हलका आहे आणि गप्प बसतो. घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही.

जुना मोबाइल चालूच होता. तो संध्याकाळी मुलाला परत द्यायचा होता. दुपारी एका बाईंच्या सुटकेसची चेन बदलली. नवी चेन लावली की कप्प्यात काहीतरी वजन घालून ती पाच-सात वेळा उघडझाप करून बघायची, अशी माझी पद्धत आहे. एरवी मी मोठी कात्री घालते. आज हाताशी तो मोबाइल होता. चेन लोण्यासारखी चालली. मी खूश झाले आणि मोबाइल आतच राहिला. बाई सुटकेस घेऊन थेट रेल्वे स्टेशनवर गेल्या. ही चूक माझी आहे.

पुढचे मला इथे आल्यावर कळले, की माझा ठिपका आगगाडीच्या वेगाने शहराबाहेर निघाला. मुलाने केलेले फोन सुटकेसमध्ये वाजत राहिले. मुलगा टॅक्सी करून ठिपक्यामागे निघाला. टॅक्सी माझ्या दुकानासमोरूनच गेली. मी हात केला. त्याचे डोळे मोबाइलवर होते. मला वाटले, कामाला निघाला असेल.

संध्याकाळी घरी आले तर दाराला कुलूप. शेजारीण ओरडली, "अहो, तुम्ही इथे कशा? तुम्ही हरवलात म्हणून सगळे पोलिसांत गेलेत!" मी आल्या पावली इकडे निघाले.

मी पोचले तेव्हा मुलगा माझे वर्णन सांगत होता. अंगावर कपडे कोणते, असे साहेबांनी विचारले. ते त्याला सांगता आले नाही. मोबाइलची बॅटरी किती उरली आहे ते सांगता आले. मी मागून म्हटले, "हिरवा स्वेटर. तूच दिलास." मुलगा वळला. एवढ्या माणसांत त्याने मला मिठी मारली व तो रडला. मीही रडले. साहेबांनी हे पाहिले आहे.

साहेब म्हणाले, "मावशी, पोराच्या जिवाला घोर लागतो. मोठा फोन वापरा ना, काय बिघडतं?" मी सांगितले की साधाच वापरणार. दुकान उघडताना व बंद करताना मी मुलाला फोन करेन. त्यानेही हवा तेव्हा करावा, मी उचलेन. ठिपका मात्र नको. वडिलांच्या वेळची भीती त्याच्या मनात आहे हे मी जाणते. माझ्याही मनात आहे. म्हणून काही मी उरलेले आयुष्य पहाऱ्यात काढणार नाही.

'हरवलेली व्यक्ती मिळून आली' अशी नोंद होणार असल्याचे समजले. त्यास माझी हरकत आहे. मी दिवसभर दुकानात होते.

जबाब चालू असताना मुलाने मोबाइल खिशात घातला आणि माझ्याजवळ सरकून हळूच विचारले, "आई, बागेत कोण होतं गं?" साहेबांची परवानगी घेऊन आम्ही व्हरांड्यात गेलो. तिथे मी त्याला सगळे सांगितले. त्याने माझ्याकडे बघत ते ऐकले. शेवटी म्हणाला, "मला भेटव." यापलीकडचे बोलणे आम्हा मायलेकांतले आहे. ते इथे लिहू नये.

साहेबांनी हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेवढेच यात आहे, जे सांगायचे नव्हते ते यात नाही, म्हणून तो बरोबर आहे. खाली सही करते.