ट्रक घ्यायचा, डिझेलचा की पेट्रोलचा?

मेव्हण्याला सोबत घेऊन ट्रक पाहायला जाऊ नका, एवढं माझं ऐका. आमच्या दोघांच्या तेलगिरणीची यंत्रं नांदुऱ्याच्या स्टेशनवर उतरली होती. दुपारी चिखलीत मुहूर्त, पाहुणे बोलावलेले. यंत्रांचा ट्रेलर ओढायला मला डिझेलचा जुना ट्रक हवा होता, मेव्हण्याला पेट्रोलचा. वैतागून विकणारा म्हणाला, "दोन्ही न्या अन् पाहा ओढून!"

सकाळच्या थंडीत माझा डिझेलचा ट्रक काही केल्या सुरू होईना. मेव्हण्यानं आपल्या ट्रकाला दोर बांधून तो ओढला, तेव्हा कुठे सुरू झाला. "पाह्यलं ना भाऊजी?" म्हणत त्यानं ट्रेलर ऐटीत पेट्रोलच्या ट्रकाला जोडला. घाटाच्या पहिल्याच चढावर ते इंजिन उकळून बंद पडलं. मग मी त्याचा ट्रक, ट्रेलर आणि तो, सगळंच वर ओढलं.

चिखलीला पोचलो तेव्हा मुहूर्त टळला होता आणि पाहुणे जेवून गेले होते. मी ओरडलो, "आता तं समजलं ना तुले?"

"हाव भाऊजी," तो शांतपणे म्हणाला. "चालू कराले पेट्रोलचा लागते, घाट चढाले डिझेलचा. दोन्ही घेऊन टाकू!"