व्हॅन कोण चालवणार?

ड्रायव्हिंगची परीक्षा देऊन आलेलं एक जोडपं माझ्या शेजारच्या बाकावर टेकलं. नवरा प्लंबर असावा. त्याच्या खिशातून पाना डोकावत होता.

"अगं, तो खांब मला दिसलाच नाही."

"अहो, लाल-पांढरे पट्टे होते त्याच्यावर!"

"गाडी मागे घेताना कुठले दिसतायत पट्टे? तू पास झालीस, म्हणून बोलतेस."

"मी तर आपली तुम्हाला सोबत म्हणून परीक्षेला बसले होते."

"आणि उद्या नवी डिझेल व्हॅन दारात येतेय. पाइप, शिडी, टाकीसुद्धा मावते तिच्यात. पण चालवणार कोण?"

"मी आहे ना."

"तू? रोज माझ्याबरोबर कामावर येणार?"

"येईन की. मुलं आपापल्या घरी गेली. भिंतींशी किती बोलू?"

"तिथे चिखल असतो, घाण असते. तुंबलेली मोरी काय चीज असते, माहितीये?"

"तुमचे कपडे इतकी वर्षं कोण धुतंय?"

"हं... तेही खरंच."

"हसताय काय?"

"अगं, रोज दुपारी कुणाच्या तरी जिन्यात बसून एकटाच डबा खातो. घास उतरत नाही कधीकधी."

"हे कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं त्यात? आता दोघं मिळून खाऊ."

"म्हणजे ठरलं?"

"ठरलं. किल्ली तुझ्याकडे. पण हॉर्न मीच वाजवणार!"

"वाजवा हो, पोटभर वाजवा."