पारू गाडीत बसली काय?

नाही, तुमीच सांगा न, वाचनालय कायच्यासाठी असते? पुस्तकं घरी नेऊन वाचासाठी! बरोबर? मंग मी सकाळी दूध आणाले निघाली का बडनेऱ्याचे लोक मले रस्त्यात अडवून काहून विचारतात, "म्याडम, ते पारू गाडीत बसली काय हो?" अरे बाप्पा! पुस्तक कपाटात आहे, कपाट उघडं आहे, कपाटासमोर मी बसली आहे, या अन् घेऊन जा! पण नाही. पुस्तक मात्र कोणी नेत नाही!

तुमाले सांगते, हे सारं आमच्या वामनरावांमुळं झालं. वाचनालयाचे अध्यक्ष. अमरावतीले कोणत्या तरी शिबिराले गेले, तिथं कोणीतरी त्यायचे कान भरले, अन् आल्या आल्या माह्या टेबलावर हात आपटला. "ज्योत्स्नाताई! लोक आता मोबाइलमध्ये राहतात! आपणही तिथंच जाऊ! ग्रुप काढा, लोकायले ओढून आणा! नाहीतर…" नाहीतर काय, साहेब? "नाहीतर दिवाळीनंतर वाचनाचा हॉल कोचिंग क्लासले देऊन टाकू. रिकाम्या खुर्च्यायवर पंखा फिरवता काय?"

तुमी तो हॉल पाहिला नाही. दुपारी मोठ्या खिडकीतून वारा येते, रिटायर झालेले रेल्वेवाले पेपर तोंडावर घेऊन डुलक्या घेतात, स्टेशनावरची अनाउन्समेंट बारीक बारीक ऐकू येते… माह्या सासरी मले कवाच इतकं घरच्यासारखं वाटलं नाही, खरं सांगते!

काढला ग्रुप. आता ग्रुपवर काय येते? गुलाबाचं फूल, त्याच्यावर दवबिंदू, खाली "शुभ सकाळ". हरवलेल्या गाईचा फोटो. "बोअरवेल करून मिळेल." मी नव्या पुस्तकाचा फोटो टाकला, तर अंगठेच अंगठे, हात जोडलेले, अन् एकानं लिहिलं, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा"! कोणाचा वाढदिवस? पुस्तकाचा? अन् इतक्या शुभेच्छा देऊन पुस्तक मात्र कोणी नेत नाही!

मंग मले अक्कल सुचली… सुचली कशाची, गेली होती चरायले! म्हटलं, एखादी कादंबरी वाचून रोज थोडी थोडी माह्या आवाजात ग्रुपवर टाकावी. गोडी लागली का लोक येतीन. कादंबरीतली पारू म्हणजे एक सून, शिवणकाम शिकलेली, तिले शहरात जाऊन दुकान टाकाचं आहे, अन् घरचे नाही म्हणतात. एक दिवस ते मशीन डोक्यावर घेऊन स्टेशनावर येते, मांगून सासू येऊन राहिली पयत पयत, समोर गाडी लागली… अन् म्या तिथंच बंद केलं! म्हटलं, "पुढचं वाचाले वाचनालयात या." वाटलं, उद्या दारात रांग लागते.

लागली न रांग! मोबाइलवर! इंदूबाईचा फोन, "काय वो ज्योत्स्ना, तुह्या पारूच्या नादात माही भाकर जळली, अन् तू मधातच बंद करते? बसली का नाही ते सांग फक्त!" म्हटलं, इंदूबाई, पुस्तक न्या. "मले कुठं वेळ आहे वो वाचाले!" पंधरा मिनिटं बोलली बाई, वेळ नाही हे सांगाले! मंग नत्थुजी, रिटायर गार्ड, "म्याडम, पुस्तकात चूक आहे. दुपारच्या टायमाले त्या लायनीवर प्यासेंजरच नव्हती. पोरगी मालगाडीत बसन काय?" त्याच्यावर दुसरा रेल्वेवाला, "अकोल्याहूनच लेट सुटली असन!" झालं! तीन दिवस ग्रुपवर गाडीवरून भांडण, पारू बिचारी डोक्यावर मशीन घेऊन उभी! कोणाच्या तरी लेकीनं ते पारूचं रेकॉर्डिंग पुढं पाठवलं, तर बाळापूरहून फोन यायले लागले! बाळापूरच्या लोकायले पारूची काळजी, पण माह्या हॉलची कोणालेच नाही.

म्या पण हट्ट धरला. सांगतच नाही! अन् एका दुपारी मनकर्णाबाई आली. वाचनालयाच्या मांगं राहते, पापड लाटते, आयुष्यात कवा पायरी चढली नाही. म्हणते, "दे ते पारूचं पुस्तक." तुमाले खोटं वाटन, मले रडू आलं! किती दिवसांनी तारखेचा शिक्का उचलला, त्याची शाईच वाळली होती. थुंकी लावून मारला!

संध्याकाळी ग्रुपवर टिंग. मनकर्णाबाईचा आवाज! "ऐका वो बायायनो. ज्योत्स्ना सांगत नाही, तर मी वाचते." संताप संताप झाला माहा! पण वाचते कशी… सासूचा आवाज असा काढते का माहीच सासू मले आठवली! गाडीची शिट्टी तोंडानं वाजवते! माह्यापेक्षा शंभरपट चांगलं वाचलं, लपवाचं काय त्यात. अन् पारूनं पायरीवर पाय ठेवला, अन्… बंद. काहून? बाईचा रिचार्ज संपला!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरून जेवून परत येते, तर दारात वामनराव. संगं क्लासवाला, हातात मोजाची टेप. हॉल मोजाचा होता न! मी खाली मान घालून दार लोटलं, तर आत पाय ठेवाले जागा नाही! मधात माह्या खुर्चीत मनकर्णाबाई, पुस्तक घेऊन. बाया मेथी निवडून राहिल्या, नत्थुजी खिडकीत, इंदूबाई पुढं मांडी घालून, जिले वेळ नव्हता ते! क्लासवाला म्हणते, "साहेब, टेप कुठून लावू?" तर वामनराव त्याच्यावरच खेकसले, "गप बे! बसली काय गाडीत?" अन् दोघंही खाली बसले.

हॉल वाचला, बाप्पा. आता रोज दुपारी भरते, रोज नवी गोष्ट, अन् वामनराव अमरावतीले जाऊन सांगतात, "पाहा, सोशल मीडियाची ताकद!" मी आपली मेथीच्या काड्या झाडून काढते. पण पुस्तक? पुस्तक मात्र अजूनही कोणी नेत नाही!

आता तुमी इतका वेळ बसून ऐकलं, तर जातांना एखादं न्या न… काय म्हणता? पारू गाडीत बसली काय? अहो, हे काय, समोर कपाटात आहे, शेवटचं पान उघडून पाहा!… आँ? घरी गेल्यावर आरामात ऐकता? मोबाइलवर पाठवून देऊ?

…सांगा नंबर.