पौर्णिमेची भरती

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न मांडतो. आपलं बरोबर आहे, हे आपल्याला कोणी सांगायचं? आपणच? हसताय — म्हणजे घरोघरी तीच रीत आहे तर!

गोष्ट जुनी. कॉलेजातली संगणकाची खोली तेव्हा देवळासारखी होती हो. चपला बाहेर, आवाज हळू, आत गारवा. तिथे सबनीस बाई विज्ञानाच्या संशोधक मुलांना प्रोग्राम लिहायला शिकवत. त्यांचा एक दंडक. दर गुरुवारी आपला प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती द्यायचा. तो चालवणार, आणि लिहिणाऱ्याने शेजारी गप्प बसायचं. गप्प बसणं! विचारा आमच्या तबलजींना, किती जड जातं ते.

मंजिरी खोत ही बाईंची विद्यार्थिनी, खाडीच्या आतल्या टोकाच्या गावची. भरतीच्या वेळा सांगणारा प्रोग्राम तिने लिहिला आणि त्यातून नवलच निघालं — समुद्राला भरती, तेव्हा तिच्या गावात ओहोटी! येत्या शनिवारी संशोधकांच्या परिषदेत हे सांगायचं. तिकीट काढलेलं, आईला कळवलेलं.

गुरुवार आला. प्रोग्राम वर्गातल्या दिगंबरच्या हाती गेला.

"अगं, 'शेवटचा', 'नवा शेवटचा', 'खरा शेवटचा' — यातला कुठला चालवू?"

मंजिरीचे ओठ घट्ट मिटलेले. बाई म्हणाल्या, "दिगंबर, खरा चालव. पण आधी उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचार त्याला. मंजिरी, एवढ्यापुरतं बोल. तुमच्याकडे पौर्णिमेला भरती कधी?"

तिला शाळा आठवली. मधली सुट्टी, धक्क्याच्या पायऱ्या, पाण्यात सोडलेले पाय. "दुपारी, बाई. डबा खाताना पाणी वरच्या पायरीला असायचं."

दिगंबरने विचारलं. पडदा म्हणाला, दिवेलागणीला.

मग शोधाशोध. प्रोग्राम ज्याचे आकडे घेई, त्या खाडीचं पाणी मोजणाऱ्या यंत्राचं घड्याळ परदेशी वेळेवर. आपली वेळ काढायला साडेपाच तास मिळवायचे. मंजिरीने जुन्या प्रोग्राममधला तुकडा नव्यात चिकटवला होता, आणि ते तास दोनदा मिळवले जात होते.

ज्या पाण्यात पोरीचे पाय भिजले, त्या पाण्याला तिने विचारलंच नव्हतं, मंडळी. प्रोग्रामने काढलेला आलेखच इतका देखणा होता!

"बाई, माझा शोध गेला."

"चूक गेली. खाडी आहे तिथेच आहे, आणि परिषद दरवर्षी भरते." बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "चल, दुरुस्त कर. का बदललंस तेही शेजारी लिही. नाहीतर उद्या तूच विसरशील."

तिकीट रद्द झालं. दोघी दुरुस्तीला बसल्या.

आज बाई नाहीत. त्या खोलीत आता सगळे चपला घालूनच जातात. तिथे शिकवणाऱ्या मंजिरीबाई मात्र अजून दाराशी चपला काढतात, आणि दर गुरुवारी आधी स्वतःचा प्रोग्राम विद्यार्थ्यापुढे ठेवून शेजारी गप्प बसतात.

मघाशी तबला पेटीच्या सुराला लावून घेतला, पाहिलंत ना? त्यालाच विचारलं असतं तर म्हणाला असता, मी सुरातच आहे. आता घरी जाल. सूनबाई म्हणेल, "मामंजी, जरा चुकलंच तुमचं." तेव्हा शेजारी गप्प बसता येईल? बघा जमतंय का. तेवढं जमलं, तर त्या सावळ्याचं नाव घ्यायला तोंड मोकळं राहील. घ्या टाळ.