बॅटरीशेजारी उभा असलेला मानूस

जबाब

नाव: बायजा आत्माराम मेहेर. वय: अंदाजे एकसष्ट. शिक्षण: चौथी, गावची शाळा. धंदा: मासळी विक्री. राहणार: राजोडी, तालुका वसई, जिल्हा पालघर.

मी पोलीस ठान्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरच्या पत्त्यावर मी एकटी राहते. मी बोलते तसंच लिहा असं हवालदार साहेबांना सांगितलंय, कारन शुद्ध भाषा लिहिली तर उद्या कोर्टात मला ती बोलता येनार नाय.

परेश साटम, राहनार नायगाव, नव्या टॉवरमध्ये, धंदा सोलरचा एजंट, याने तक्रार दिलीय की मी त्याची बॅटरी चोरली. त्याबद्दल माझं म्हननं असं की,

होळीच्या सुमाराला परेश माझ्या घरी आला. अंगात एजन्सीचा टी-शर्ट होता, त्यावर इंग्रजीत नाव होतं, मी वाचलेलं नाय. छपरावर पॅनल आनि घरात बॅटरी बसवली तर बॅटरीवर सरकारची सूट हाय, असं तो म्हनाला. पॅनलचे पैसे मी द्यायचे, बॅटरीचे सरकार एजन्सीला देनार, मला बॅटरी फुकट. सरकारला माझा एवढा पुळका कधीपासून आला असं मी विचारलं. तो म्हनाला, मावशी जोक नका मारू, स्कीम बंद होईल.

माझ्याकडं मावऱ्याचा, म्हंजे मासळीचा, मोठा फ्रीजर हाय. आमच्या किनाऱ्याला लाइट गेली की दुपार-दुपार येत नाय. लाइट गेली की नुसते पॅनल पन बंद पडतात, घरात बॅटरी असली तरच फ्रीजर चालतो, हे परेशनेच सांगितलं. मागच्या वर्षी माझं अख्खं पापलेट सडलं, ते वाडीत खड्डा करून पुरलं. म्हनून मी हो म्हटलं आनि पॅनलचे पैसे दिले.

पॅनल बसल्यावर एका सकाळी परेश टेम्पोतून बॅटरी घेऊन आला. सोबत त्याचा वायरमन केनी होता. परेशच्या हातात माझं लाइटचं बिल होतं. बिलावरचं नाव बघून त्याने विचारलं, "मालक कुठे आहेत?" मी म्हटलं, "वर गेलेत." तर परेश अंगनात जाऊन छपराकडं तोंड करून हाका मारायला लागला, काका, जरा खाली या, फोटो काढायचाय. मी त्याला मन भरेपर्यंत हाका मारू दिल्या. शेवटी केनीला कळलं, त्याने छातीवर क्रूस काढला. ही मस्करी मी केली हे खरं हाय.

बिल अजून आत्मारामच्या नावावर का, असं हवालदार साहेबांनी विचारलं. मयत आत्माराम माझा नवरा. तो जाऊन तीन वर्षं झाली. नाव बदलायचं राहून गेलं. त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगायचं नाय.

परेश म्हनाला, नाव बदलायला टाइम जाईल, तोवर सूट जाईल. बिल ज्याच्या नावावर त्याचा बॅटरीसोबत फोटो लागतो, पन ऑफिसात चेहरा कोन बघतो, मी अॅडजस्ट करतो. मला वाटलं भिंतीवरची तसबीर बॅटरीला टेकवून फोटो काढेल. घरात नवी वस्तू आली म्हनून मी बॅटरीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आनि चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर केनी बॅटरीवर हात ठेवून उभा होता. अंगात आत्मारामचा शर्ट. तो खुंटीवर असतो. मी दिलेला नाय. परेश मोबाइल धरून सांगत होता, "आत्माराम काका, थोडं स्माइल."

चहा सांडला. पुढं मी काय बोलले ते लिहायची गरज नाय. केनीने शर्ट काढला, घडी केली आनि माझ्या हातात दिला. केनीबद्दल माझी तक्रार नाय.

परेशने बॅटरी परत टेम्पोत चढवली. टेस्टिंग करून उद्या आनतो म्हनाला. तो उद्या अजून यायचाय. माझा फोन तो उचलत नव्हता. नंतर मोबाइलवर मेसेज आला, तो माझी मैत्रीन ज्युली हिने वाचून दाखवला. अभिनंदन आत्माराम मेहेर, आपल्या बॅटरीची सूट मंजूर झाली. मी ज्युलीला म्हटलं, मानूस गेल्यावर त्याची कामं कशी पटापट होतात बघ.

गेल्या आठवड्यात मी ज्युलीकडं सुके बोंबील द्यायला गेले. ती चर्चच्या आळीत राहते. तिच्या ओटीवर बॅटरी ठेवलेली आनि परेश तिचा फोटो काढत होता. नवी वस्तू म्हनून ज्युलीने बॅटरीवर पवित्र पानी शिंपडलं होतं. मी वाकून बघितलं तर कडेच्या खाचेत कुंकवाची खून होती.

इथे हवालदार साहेब लिहायचे थांबले. खून म्हंजे निशानी. कोनी कोनाला मारलेलं नाय. अजून तरी.

मी विचारलं, "ज्युली बाय, तुझ्या बॅटरीला कुंकू? कोनाबरोबर पळून लग्न केलं हिने?" ज्युली हसली, मग तिचं हसू गेलं. परेश म्हनाला ते कंपनीचं मार्किंग हाय. मी विचारलं, मग ही हळद पन कंपनीच लावते का. त्याने घाईने केनीला सांगितलं, उचल, टेस्टिंगला न्यायचीय. तेव्हा मी बॅटरीवर बसले. माझं वजन लिहू नये. परेश मला म्हातारी म्हनाला, चोरटी म्हनाला आनि आनखी एक शब्द बोलला. तो पन लिहा असं मी म्हटलं, साहेब नको म्हनतात. मी त्याला एवढंच बोलले की, "एकच पोरगी घरोघरी दाखवतोस आनि हरेक घराच्या नावानं सरकारकडनं हुंडा तूच घेतोस."

ज्युली म्हनाली, पहिला फोटो तुझ्या घरी झाला, तू ने. मी उठले. केनीने बॅटरी उचलली. परेश ओरडत होता टेम्पोत ठेव, केनीने ती माझ्या घरी आनून ठेवली आनि वायरी जोडून दिल्या. चोरी असेल तर उचलनारा परेशचाच मानूस हाय. परेशने त्याला तिथंच कामावरून काढलं.

परवा दुपारी सगळ्या आळीची लाइट गेली. माझा फ्रीजर चालू राहिला. बायकांनी आपापलं मावरं आनून त्यात भरलं. मी फ्रीजरजवळ खुर्ची टाकून त्याचा आवाज ऐकत बसले होते.

आज इथे बाहेरच्या बाकावर परेश माझ्या बाजूला येऊन बसला. गोड आवाजात म्हनाला, "मावशी, बॅटरी तुमच्याकडेच ठेवा, मी कंप्लेंट मागे घेतो. जबाबात फक्त एवढंच बोला, फोटोत आत्माराम काकाच आहेत. सध्या गावाला गेलेत."

मी म्हटलं, "फोटोतला आत्माराम हाय ना? मग सांजच्याला जेवायला पाठव. भाकऱ्या टाकून ठेवते."

तो हसला नाय. म्हनाला, फोटो खोटा आहे असं बोललात तर बॅटरी जप्त होईल, सरकार तुम्हाला दुसरी देणार नाही, मग बसा मासे पुरत. हे खरं हाय का असं मी हवालदार साहेबांना विचारलं. साहेब म्हनाले खरं हाय, मुद्देमाल म्हनून जमा होईल आनि केस किती वर्षं चालेल ते सांगता येत नाय. मी थोडा वेळ मागितला. साहेबांनी पानी दिलं.

तरी मी सांगते की, फोटोत बॅटरीशेजारी उभा असलेला मानूस केनी हाय. तो माझा नवरा नाय. शर्ट माझ्या नवऱ्याचा हाय. बॅटरी माझ्या घरी फ्रीजरला जोडलेली हाय, ती घेऊन जावी. केनीला सोबत आना, तो वायरी नीट सोडवेल. यायच्या आधी फोन करा, मावरं बर्फात काढावं लागेल, त्यात दुसऱ्यांचं पन हाय.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. आत्मारामच्या नावाआधी 'मयत' हा शब्द राहिला होता. तो माझ्यासमोर घातला. आता बरोबर हाय.

सही: बायजा आत्माराम मेहेर